‘नंबर लागणे’ : निवडशाळांच्या प्रवेशनिकालाची प्रतीक्षा आणि मावळातील पालक

प्रस्तावना

पाचवीत शिकणारे मूल जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेला बसले की मावळातील गावांत त्याच्या घरच्यांना पुढे कित्येक आठवडे एकच प्रश्न विचारला जातो : “नंबर लागला का?” ‘पास झाला का’ असे सहसा कोणी विचारीत नाही. हा भेद किरकोळ वाटला तरी अर्थपूर्ण आहे. ‘नंबर लागणे’ हा शब्दप्रयोग रांगेतून आलेला आहे. रांगेतील माणसाचा नंबर लागतो की नाही हे त्याच्या योग्यतेपेक्षा पुढे किती माणसे उभी आहेत आणि खिडकीत किती माल शिल्लक आहे यावर अवलंबून असते. निवड परीक्षेचे स्वरूप लोकभाषेने असे नेमके पकडले आहे. परंतु निकालाचा दिवस जवळ येऊ लागला की घराच्या आत हा अर्थ विसरला जातो. ‘नंबर लागला नाही’ या वाक्याचे ‘मूल कमी पडले’ असे भाषांतर होते आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बुद्धीवर तो अखेरचा शेरा मानला जातो.

प्रस्तुत लेखात प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शाळांच्या प्रवेशनिर्णयाची वाट पाहणाऱ्या पालकांच्या स्थितीचा विचार मळवली व परिसराच्या संदर्भात केला आहे. पालक ज्या निकालाची वाट पाहतात तो निकाल नेमका कशाचा असतो, हा येथील मुख्य प्रश्न होय. तो मुलाच्या बुद्धिमत्तेचा निकाल नसून जागावाटपाचा निकाल असतो, आणि त्या वाटपातील काही निर्णय परीक्षेच्या दोन-तीन वर्षे आधीच, बहुधा पालकांच्या नकळत, घेतले गेलेले असतात, असे प्रतिपादन पुढे केले आहे.

निवडशाळांची परंपरा

हुशार मूल हेरून त्याला वेगळे शिक्षण देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. राज्यातील शिष्यवृत्ती परीक्षा गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकापासून चालू आहे. चौथी व सातवीच्या वर्गांसाठी असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीकडे नेण्यात आली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीसाठी घेण्याचा निर्णय शासनाने केला. या परीक्षेने खेड्यापाड्यांत ‘जादा तासां’ची एक संस्कृती निर्माण केली. सायंकाळी शाळा सुटल्यावर निवडक मुलांना थांबवून घेणारे गुरुजी आणि बुद्धिमत्ता चाचणीची पिवळी पडलेली पुस्तके या संस्कृतीचा भाग आहेत. मात्र शिष्यवृत्तीने मूल घरापासून दूर जात नाही. रक्कम मिळते, नाव फलकावर लागते, मूल त्याच शाळेत राहते. म्हणूनच शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट पाहणे आणि निवासी शाळेच्या निकालाची वाट पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सातारा येथील सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झाले. पुण्यात विनायक विश्वनाथ उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ मध्ये प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी प्रबोधिनीची प्रशाला सुरू झाली. पाचवीत प्रवेश देणाऱ्या या प्रशालेची निवडपद्धती जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्ताशी जोडलेली आहे. बुद्धी म्हणजे एकच एक शक्ती नसून अनेक क्षमतांचा समूह आहे, हे त्या सिद्धान्ताचे सार होय. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. तिच्या अगदी आरंभी, १९८५-८६ मध्ये, प्रायोगिक स्वरूपात जी दोन विद्यालये सुरू झाली त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे महाराष्ट्रातील अमरावती येथे होते. ग्रामीण भागातील गुणवान मुलांना त्यांच्या घरच्या आर्थिक स्थितीचा विचार न करता दर्जेदार निवासी शिक्षण द्यावे, हा या योजनेचा घोषित हेतू आहे. शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते. नववीपासून काही विद्यार्थ्यांना विद्यालय विकास निधी द्यावा लागतो. त्यातूनही मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले वगळलेली आहेत.

मळवलीच्या पालकापुढे हे पर्याय कागदावर सारखे दिसले तरी प्रत्यक्षात तसे नाहीत. प्रबोधिनीची प्रशाला सदाशिव पेठेत आहे. लोकलने शिवाजीनगर आणि तेथून पुढे शहरातून, असा रोजचा जाण्यायेण्याचा प्रवास दहा वर्षांच्या मुलाला झेपणारा नाही. सैनिक स्कूलसाठी लेखी परीक्षेबरोबर वैद्यकीय चाचणीचा अडसर असतो आणि शुल्कही नवोदयच्या तुलनेत बरेच असते. शेतकरी, बंगल्यांची राखण करणारे, लेण्यांच्या पायथ्याशी दुकान मांडणारे किंवा तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी पद्धतीने काम करणारे जे पालक या भागात आहेत, त्यांच्या दृष्टीने खरी आशा एकाच शाळेवर केंद्रित होते. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यातील पिंपळे जगताप येथे आहे, म्हणजे मावळच्या नेमके उलट टोकाला.

मळवलीची हद्द आणि ‘ग्रामीण’ असणे

मळवली हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक. एका बाजूस कार्ल्याची लेणी, दुसऱ्या बाजूस भाजे लेणी आणि त्यांच्या माथ्यावर लोहगड-विसापूर, मध्ये इंद्रायणीच्या खोऱ्यातील भातखाचरे आणि त्या खाचरांना चिरत गेलेला द्रुतगती मार्ग, असा हा परिसर आहे. सुट्टीच्या दिवशी तो शहरासारखा गजबजतो. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने ही गावे ग्रामपंचायतींची आहेत आणि एका स्थानकापलीकडे लोणावळा नगरपरिषदेची हद्द सुरू होते. पर्यटकाला ही सीमा जाणवत नाही. नवोदयच्या अर्जदाराच्या दृष्टीने मात्र तीच निर्णायक ठरते.

नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गात कमाल ८० विद्यार्थी घेतले जातात. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण उमेदवारांसाठी असतात. उरलेल्या जागा ग्रामीण व शहरी अशा दोन्ही उमेदवारांना खुल्या असतात. किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखीव असतात आणि त्याखेरीज सामाजिक आरक्षण व दिव्यांगांसाठीची तरतूद आहे. आता ‘ग्रामीण उमेदवार’ म्हणजे कोण? त्याचे घर कोठे आहे यावरून हे ठरत नाही. उमेदवाराने तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्तांची पूर्ण शैक्षणिक वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत घालविलेली असावी लागतात. या तीन इयत्तांच्या काळात जे मूल एक दिवसही शहरी भागातील शाळेत शिकले असेल ते शहरी उमेदवार गणले जाते.

या नियमाचा मळवली परिसरातील परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. येथील अनेक पालक मुलाच्या भल्यासाठीच त्याला लोणावळ्यातील किंवा तळेगावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. शाळेची गाडी दारापर्यंत येते, गणवेश नीटनेटका असतो, गावात प्रतिष्ठा मिळते. हेच मूल पाचवीत नवोदयचा अर्ज भरते तेव्हा, भाजे किंवा देवले गावात कौलारू घरात राहत असूनही, ते ‘शहरी’ ठरते आणि पुणे शहर व पिंपरी-चिंचवडमधील मुलांबरोबर मोजक्या खुल्या जागांसाठी स्पर्धेत उतरते. शेजारच्या घरातील मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिले म्हणून साठ जागांच्या रांगेत असते. दोघांनी परीक्षेत समान गुण मिळविले तरी एकाचा नंबर लागू शकतो आणि दुसऱ्याचा लागत नाही.

यात आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि माध्यमिक शाळा पाचवीपासून ही जुनी रचना आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत मानला असला तरी जुनी रचना पुष्कळ ठिकाणी अद्याप टिकून आहे. ज्या गावातील शाळा चौथीला संपते तेथील मूल पाचवीसाठी बाहेर पडते. ते कार्ला किंवा कामशेतच्या शाळेत गेले तर ग्रामीणच राहते. लोणावळ्याच्या शाळेत गेले तर ते शहरी होते, तेही परीक्षेच्या वर्षीच. हा निर्णय घेताना पालकांसमोर बसचे वेळापत्रक असते, मोठ्या बहिणीची सोबत असते, फार तर शाळेच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी असते. नवोदयची निवड नियमावली कोणाच्याच समोर नसते. शहरी भागाची व्याख्याही स्थिर नाही. जनगणना आणि त्यानंतरच्या शासकीय अधिसूचना यांवर ती अवलंबून असते. तालुक्याचे ठिकाण असलेल्या वडगावात २०१८ मध्ये नगरपंचायत आली. अशा बदलांचा उमेदवारावर काय परिणाम होतो, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून शोधून काढावे लागते.

मावळातील काही मुलांच्या बाबतीत तर प्रतीक्षेचा प्रश्न उद्भवतच नाही. डोंगरउतारावरील कातकरी व ठाकर वस्त्यांतील मुलांसाठी अनुसूचित जमातीच्या राखीव जागा आहेत, ही गोष्ट खरी. परंतु वीटभट्टीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या कातकरी मुलाला सलग तीन पूर्ण शैक्षणिक वर्षे दाखविणे अवघड असते. पटावर नाव असणे आणि वर्षभर शाळेत असणे यांतील अंतर शिक्षकांना चांगलेच ठाऊक आहे. जागा राखीव आहे, पण तिच्यापर्यंत नेणारी अट स्थिर घर गृहीत धरते. गुणवत्ता शोधण्याच्या योजनांविषयी जी चर्चा होते ती बहुधा प्रश्नपत्रिकेभोवती फिरते. अर्ज भरण्यापूर्वीच गळालेल्या मुलांची गणना त्या चर्चेत येत नाही, हा तिचा मोठा दोष म्हटला पाहिजे.

परीक्षा काय मोजते

नवोदयची परीक्षा दोन तासांची असते. तीत ८० प्रश्न व १०० गुण असतात. त्यांपैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे असतात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. मानसिक क्षमतेच्या भागात आकृत्यांचे साम्य-भेद, मालिका पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा असे प्रश्न येतात. उमेदवाराला ही परीक्षा एकदाच देता येते. दुसऱ्यांदा बसण्यास परवानगी नाही.

जिल्ह्यातून हजारो मुले बसतात आणि जागा ८० असतात, तेव्हा निवडीची रेषा जेथे पडते तेथे गुणांची दाटी असणे अपरिहार्य असते. त्या रेषेच्या वर व खाली एकेका प्रश्नाच्या अंतरावर अनेक मुले असतात. मानसशास्त्रीय मापनात याचा विचार ‘मापनाची प्रमाण त्रुटी’ या संकल्पनेने केला जातो. एखाद्या बुद्धिमापन कसोटीचे प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता गुणांक ०.९० आहे असे समजू. ही विश्वसनीयता उत्तम मानली जाते. तरीही अशा कसोटीची प्रमाण त्रुटी सुमारे ४.७ येते. म्हणजे ज्या मुलास १२८ गुणांक मिळाला त्याचा खरा गुणांक साधारणपणे १२३ ते १३३ या पट्ट्यात असण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश असते. निवडीची रेषा १३० वर असेल तर हे मूल ‘बाहेर’ राहते, आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या प्रश्नसंचावर, झोप नीट झालेली असताना तेच ‘आत’ जाऊ शकते. यात कसोटीची लबाडी नाही, मापनाची मर्यादा आहे. भात मोजणाऱ्या पायलीतसुद्धा मूठभर इकडेतिकडे होते. कोणी त्यावरून भाताचा दर्जा ठरवीत नाही.

वयाचाही मुद्दा आहे. २०२५ च्या प्रवेशासाठी १ मे २०१३ ते ३१ जुलै २०१५ या कालावधीत जन्मलेली मुले पात्र होती. सव्वादोन वर्षांचे हे अंतर दहा-बारा वर्षांच्या वयात लहान नसते. वाचनाचा वेग, एका जागी बसण्याची सवय, उत्तरपत्रिकेतील वर्तुळे नीट काळी करण्याचे कौशल्य या सगळ्यांत ते उतरते. सर्वांसाठी रेषा मात्र वयनिरपेक्ष असते.

बुद्धिमापनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये जी कसोटी तयार केली तिचा उद्देश शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखणे हा होता. हुशारांची यादी करणे हे तिचे काम नव्हते. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी ती कसोटी उलट्या दिशेने वापरली. १९२१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील अतिउच्च बुद्धिगुणांकाच्या दीड हजारांहून अधिक मुलांचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. त्या अभ्यासासाठी तपासले गेलेले, परंतु गुणांक कमी पडल्याने वगळले गेलेले दोन विद्यार्थी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे होते. शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कसोटी निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. निवडल्या गेलेल्यांपैकी अनेकांनीही उत्तम कामगिरी केली. मात्र रेषेबाहेर राहिलेल्या मुलाविषयी ती कसोटी काहीच ठामपणे सांगत नाही, एवढे निश्चित. पुढे १९७८ मध्ये जोसेफ रेन्झुली यांनी प्रज्ञेची कल्पना सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि कार्यनिष्ठा या तीन घटकांच्या संगमातून मांडली. यातील कार्यनिष्ठा दोन तासांच्या बहुपर्यायी परीक्षेत कशी दिसावी, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

प्रतीक्षेचा काळ

२०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी परीक्षा जानेवारीत झाली आणि निकाल मार्चअखेरीस आला. त्यापुढील प्रवेशासाठीची परीक्षा १३ डिसेंबर २०२५ रोजी घेण्यात आली. वेळापत्रक नेहमीच असे सुरळीत राहिलेले नाही. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, वारंवार पुढे ढकलली गेलेली परीक्षा ११ ऑगस्ट रोजी झाली. म्हणजे सहावीचे वर्ष सुरू होऊन दोन महिने उलटल्यावर मुले पाचवीच्या पातळीची परीक्षा देत होती. २०२२ मध्ये परीक्षा एप्रिलच्या अखेरीस झाली आणि निकाल जुलैत लागला. महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात हे ध्यानात घेतले की प्रतीक्षेचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट होतो. सहावीचे नाव कोठे घालावयाचे, पुस्तके व गणवेश घ्यावयाचे की थांबावयाचे, शाळा सोडल्याचा दाखला आताच काढून ठेवावा की नाही, असे प्रश्न निकालापूर्वीच सोडवावे लागतात.

पहिल्या यादीत नाव नसले तरी प्रतीक्षा संपत नाही. निवड झालेल्यांपैकी काही मुले कागदपत्रांच्या तपासणीत अडकतात, काही घरचे लोक ऐन वेळी माघार घेतात आणि रिक्त झालेल्या जागांसाठी पुढची यादी निघते. ही दुसरी यादी पालकांची सर्वांत अधिक दमछाक करते. पहिल्या नकारानंतर मन वळवून मूल गावच्या शाळेत रमू लागलेले असते, आणि कोणी तरी सांगते की अजून आशा आहे. कागदपत्रांचा पेच स्वतंत्रच आहे. राज्याचे जात प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबाला केंद्रीय सूचीप्रमाणे, केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, हे पुष्कळांना निवड झाल्यावर कळते. मग तहसील कार्यालयाच्या खेपा सुरू होतात.

अनिश्चिततेच्या या काळाचे मानसशास्त्र अलीकडे स्वतंत्रपणे अभ्यासले जाऊ लागले आहे. केट स्वीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या २३० पदवीधरांचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिंता दडपणे, आशावादी राहणे, वाईट बातमीसाठी मनाची तयारी करणे अशा युक्त्यांनी प्रतीक्षेतील त्रास फारसा कमी झाला नाही, असे त्यात आढळले. याउलट ज्यांनी वाट पाहताना चिंता अनुभवली त्यांनी नकार अधिक विधायकपणे स्वीकारला आणि यशाचा आनंदही त्यांना अधिक झाला. हे निष्कर्ष प्रौढांविषयीचे आणि स्वतःच्या निकालाविषयीचे आहेत. ते मावळातील आई-वडिलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. येथे वाट पाहणारा एक आणि ज्याचा निकाल तो दुसरा, अशी स्थिती असते. पालकांची चिंता मुलापर्यंत पोचते ती बोलण्यातून कमी आणि दिवसातून तीनदा मोबाइल उघडून पाहण्यातून अधिक.

या प्रतीक्षेत एक विसंगतीही असते आणि ती उघडपणे क्वचितच मांडली जाते. दहा-अकरा वर्षांचे मूल सात वर्षांसाठी दूर जाणार, दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीतच घरी येणार, ही कल्पना अर्ज भरताना अमूर्त असते. निकाल जवळ येतो तशी ती मूर्त होऊ लागते. विशेषतः आईला आणि आजीला नंबर लागावा असेही वाटते आणि लागू नये असेही वाटते. मुलीच्या बाबतीत ही घालमेल आणखी तीव्र असते. एक तृतीयांश जागांची तरतूद मुलींना दारापर्यंत आणते. उंबरा ओलांडण्याचा निर्णय मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या बैठकीत होतो. नंबर लागूनही मुलगी गेली नाही, अशा घटनांची कारणे परीक्षेच्या आकडेवारीत कोठेच नोंदली जात नाहीत.

चिठ्ठी आणि यादी

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ ने शाळाप्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली आहे. चाळणी घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजार आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्याने नवोदय विद्यालय, सैनिक स्कूल यांसारख्या शाळांना ‘विनिर्दिष्ट प्रवर्ग’ म्हणून वेगळे ओळखले. त्यामुळे एकाच गावात दोन प्रकारच्या प्रतीक्षा शेजारी शेजारी चालतात. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी पालक सोडतीच्या निकालाची वाट पाहतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने नियमांत बदल करून शासकीय शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जागांतून वगळले, मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलास मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्द ठरविला. त्या वर्षी ही प्रतीक्षाही बरीच लांबली. तरी सोडतीत नाव आले नाही म्हणून कोणी मुलास दोष देत नाही. नशीब म्हणून विषय मिटतो.

निवड परीक्षेत नशिबाचा वाटा असतो, पण तो दिसत नाही. म्हणून सोडतीत जे दैवावर जाते तेच यादीत मुलावर जाते. न्यूयॉर्क शहरात बालवाडीच्या वयातील, म्हणजे चार वर्षांच्या मुलांना प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी कसोटी द्यावी लागे. २०२१ मध्ये ती कसोटी थांबली आणि शिक्षकांची शिफारस व त्यानंतर सोडत अशी व्यवस्था आली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. तथापि एक गोष्ट त्या व्यवस्थेने उघडपणे मान्य केली : पात्र मुले जागांपेक्षा अधिक असतात, आणि त्या पात्रांतून थोड्यांना घेणे ही गुणवत्तेची बाब उरत नाही. नवोदयच्या यादीच्या सीमेवर हेच घडते. फरक इतकाच की तेथे सव्वा गुणाला गुणवत्तेचे नाव मिळते.

निवड न झालेल्या मुलासाठी नववी व अकरावीत रिक्त जागांवर प्रवेशाची वेगळी परीक्षा असते. ही माहिती गावपातळीवर क्वचित पोचते, ती मुख्याध्यापकांनी पालकांना निकालाच्या आधीच द्यावयास हवी. निवड झालेल्या मुलांच्या पालकांसाठीही एक माहिती उपयुक्त आहे. निवडक मुलांच्या शाळेत गेल्यावर समान क्षमतेच्या मुलाची स्वतःविषयीची शैक्षणिक प्रतिमा काहीशी खालावते, असे हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या संशोधनात वारंवार दिसून आले. गावात पहिला येणारा मुलगा तेथे तिसावा येतो. पहिल्या सत्रातील पत्रांत किंवा दूरध्वनीवर जे रडू ऐकू येते ते केवळ घरच्या आठवणीचे नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शाळा, शाळासमूह व जिल्हा या पातळ्यांवर विषयनिष्ठ मंडळे आणि प्रकल्पाधारित गट असावेत असे म्हटले आहे. ज्ञान प्रबोधिनीचा आरंभ नेमका असाच होता. १९६२ ते १९६९ या काळात तेथे स्वतःची शाळा नव्हती. निरनिराळ्या शाळांतील विद्यार्थी आपापल्या शाळेत राहूनच प्रबोधिनीत पूरक शिक्षणासाठी येत. पाच-सहा दशकांपूर्वीचा तो नमुना मावळसारख्या तालुक्याला प्रशालेपेक्षाही अधिक लागू पडणारा आहे. लोणावळा, तळेगाव व कामशेत या गावांना लोहमार्ग जोडतो आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा शनिवारी दुपारी रिकाम्या असतात. कार्ला-भाजे परिसरातील पाचवी ते सातवीच्या मुलांना तेथे आणण्यासाठी निवड परीक्षा लागणार नाही, लोकलच्या वेळा पाहून वेळापत्रक तेवढे आखावे लागेल. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि मुलांना ने-आण करणारा एक शिक्षक मिळाला की उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी, म्हणजे नवोदयची पहिली यादी लागून गेलेली आणि दुसरी अजून यावयाची असते त्या आठवड्यांत, अशा वर्गाचा आरंभ करता येण्याजोगा आहे.